ती वाकडी रेघ पुसू नकोस

अनेक आशीर्वाद.

आयनांबराने, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराने, तुझ्या रेडिओ दुर्बिणीचं रात्रभराचं निरीक्षण नासवलं, याचा वैताग तुझ्या अक्षरातही दिसतोय. मी म्हणतो, काही दिवस त्या दीर्घिकेला सुट्टी दे आणि मधे कडमडणाऱ्या थरालाच धर.

घोळ जुना आहे. १९४६ साली इंग्लंडमध्ये जेम्स हे, पार्सन्स आणि फिलिप्स या संशोधकांना हंस तारकासमूहातून येणारे रेडिओ संकेत झपाट्याने कमी-जास्त होताना दिसले. इतक्या भराभर बदलतंय म्हणजे उगम लहानच असणार, असं त्यांनी ताडलं. १९५० साली केंब्रिज आणि जॉड्रेल बँक या तिथल्याच दोन दूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी मोजलं, तर दोन्हीकडचे चढउतार जुळेनात. दोष उगमाचा असता तर जुळले असते! गडबड आपल्याच डोक्यावर, आयनांबरात होती. उगम लहान हे मात्र खरं निघालं, त्यांनी दिलेलं कारण तेवढं चुकलं होतं. असे अंदाज मला फार आवडतात.

आता तुझ्या कामाचं. रेडिओ लाटेच्या वाटेतले एकूण इलेक्ट्रॉन ‘टेक’ नावाच्या युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे एक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन. तेवढ्यानेच १५० मेगाहर्ट्झला फेज, म्हणजे लाट आपल्या आवर्तनात कुठे आहे ते, सुमारे ९ फेरे फिरते, १.४ गिगाहर्ट्झला जेमतेम एक. युनिटचा हजारावा भाग घेतलास तरी १५० मेगाहर्ट्झला ३ अंशांचा फरक पडतो, आणि चांगल्या, ठळक उगमावर तो पकडता येतो. एक मर्यादा लक्षात ठेव. दुर्बिणीला दोन अँटेनांमधला फरक कळतो, एकूण इलेक्ट्रॉन कळत नाहीत. एकूण आकडा हवा असेल तर जीपीएस उपग्रहांकडे जावं लागतं.

कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापातल्या चुका दुरुस्त, करताना आपण प्रत्येक अँटेनाची फेज काढतो, ती वजा करतो आणि विसरून जातो. तुझा माल नेमका तिथे आहे. मी शिकाऊ असताना सगळ्या अँटेनांचे आलेख एकाखाली एक लावले होते. बाकी सगळ्या रेघा सापासारख्या वळवळत होत्या, एकच सरळसोट. ‘हा अँटेना उत्तम’ असं मी वहीत लिहूनही ठेवलं. तो संदर्भ अँटेना होता, बाकीच्यांची फेज त्याच्याशी ताडून मोजतात, म्हणून त्याची फेज शून्य धरलेलीच असते! त्या वहीचं पान मी अजून फाडलेलं नाही.

रेघांकडे नीट बघ. तोच उंचवटा आधी एका बाजूच्या अँटेनांत येतो, मग पुढच्यांत. कोणात किती उशिरा आला यावरून आयनांबरातल्या लाटेचा वेग आणि दिशा निघते. पंधरा मिनिटं ते तासाभराच्या आवर्तनाच्या, शंभर-दोनशे किलोमीटर लांबीच्या अशा लाटा आयनांबरातून जात असतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या इंग्रजी वाय आकारात मांडलेल्या २७ अँटेनांनी त्या बारकाईने टिपल्या आहेत. पण आनंदाने उडी मारण्याआधी घड्याळ तपास. घड्याळाच्या चुकीने फेज फ्रीक्वेन्सीबरोबर वाढते, आयनांबरामुळे होणारा फरक उलट वरच्या फ्रीक्वेन्सीला कमी होतो. म्हणून बँडची, म्हणजे तू मोजतोस त्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्याची, दोन्ही टोकं जपून ठेव. आणि फेज ३६० अंशांनंतर पुन्हा शून्यावर येते, त्या उडीला लाट समजू नकोस.

वयाची काळजी लिहिली आहेस. क्लिओ लोई पदवीची विद्यार्थिनी होती, तेव्हा तिने ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरेच्या प्रतिमांत रेडिओ उगम जागेवरून किंचित सरकताना पाहिले. मग अ‍ॅरेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून, दोन डोळ्यांनी बघावं तशी तिने त्या थराची उंची काढली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांना धरून गेलेल्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) नळ्या होत्या त्या, सुमारे ६०० किलोमीटरवर. हे २०१५ साली छापून आलं. सरकलेले उगम पुन्हा जागेवर बसवून ती मोकळी झाली असती, तर नळ्या कुणाला दिसल्या असत्या?

त्या नासलेल्या रात्रीचा फेजचा आलेख मला पाठव. गुळगुळीत केलेला नको. संदर्भ अँटेना कोणता ते आलेखावरच लिही, आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत.