उतार नकाशात आहे, मग छतावर पाणी का साचतं?

प्रश्न: आर्किटेक्टसाठीच्या छतप्रणालीच्या प्रशिक्षणात सपाट छताला १:१०० उतार सांगितला होता. आम्ही तो दिला, तरी डबकी राहतात आणि पॅरापेटच्या (छताच्या कडेच्या कठड्याच्या) मुळाशी ओल येते. चूक कुठे?

उत्तर: १:१०० हा प्रत्यक्षात उरायला हवा असलेला उतार समजा, नकाशात लिहायचा नव्हे. ५ मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब मध्यात २० मिमी वाकला, तर मध्यापासून तुळईपर्यंत सरासरी १:१२५ चा उलटा चढ तयार होतो. दिलेला उतार तिथेच जवळजवळ संपतो. म्हणून प्रत्यक्षात, समजा, १:८० हवा असेल तर नकाशात १:४० ने आखा, आणि पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीचं तोंड भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा थोडं खाली बसवा. एकच जाळी तुंबली तर सगळं छत भरतं, तेव्हा ओव्हरफ्लो (जादा पाण्यासाठी वेगळी वाट) हवाच.

पॅरापेटची ओल वेगळी. पडदा (जलरोधक थर) काटकोनात वळवला की तिथेच तडकतो; आधी सुमारे ५० मिमीचा वाटा (कोपऱ्यात मसाल्याची तिरकी किंवा गोलसर भर) करा. मग पडदा तयार फरशीच्या वर, स्लॅबच्या नव्हे, किमान १५० मिमी चढवा. (फरशीची जाडी धरायची राहते, ही नेहमीची चूक.) वरची कडा खाचेत धातूच्या पट्टीने दाबून सीलंटने बंद करा. पॅरापेटच्या माथ्यावरून पाणी भिंतीत मुरत असेल, तर ते पडद्यामागून उतरतं. तिथे कोपिंग (माथ्यावरचं झाकण) आणि त्याला पाणतोड (पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकावं म्हणून कडेखालची खाच) हवी.

फरशीआधी, स्लॅबची भारक्षमता तपासून, २५ ते ५० मिमी पाणी ४८ तास साठवून पाहा.