वाचक विचारतात : भीमगडच्या वाटांवर

प्रश्न : आमच्या सायकल ग्रुपला जांबोटीमार्गे बेळगाव जिल्ह्यातल्या (तालुका खानापूर) भीमगड अभयारण्यात जायचे आहे. सायकल आत नेता येते का? परवानगी कुठे काढायची? (एक वाचक, टिळकवाडी)

आधी कुठला रस्ता सार्वजनिक आणि कुठला जंगलाचा, हे वेगळे करून घ्या. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा गोव्याला जाणारा मोठा रस्ता आहे, त्यावर सायकल चालवायला कुणाला विचारावे लागत नाही. तिथून गवाळी, तळेवाडी, कृष्णापूर यांसारख्या गावांकडे आत वळणाऱ्या वाटांचे तसे नाही. त्या भागाला डिसेंबर 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाला तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. गावकरी रोज त्याच वाटेने मोटारसायकलने जातात म्हणून आपणही जाऊ शकतो, ही समजूत चुकीची आहे. ते तिथले रहिवासी आहेत, त्यांना कायद्यानेच सूट आहे.

अर्ज वनखात्याच्या वन्यजीव विभागाकडे, कन्नड किंवा इंग्रजीत करा. 'भीमगड पाहायला' एवढेच लिहिले की परवानगी पायी फिरण्याची समजली जाते आणि नाक्यावर सायकली अडतात. म्हणून कुठून आत शिरणार, कुठे बाहेर पडणार, किती माणसे, किती सायकली आणि तारीख, हे सगळे स्पष्ट लिहा. सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. पश्चिमेला सीमा ओलांडली की गोव्याचे म्हादई अभयारण्य लागते. इथली परवानगी तिथे चालत नाही, आणि जंगलात सीमेची खूण दिसेलच असे नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण आतल्या भागात रेंजचा भरवसा नाही.

प्रश्न : एकाच अरुंद वाटेवर गुरे, मोटारसायकली, पायी चालणारे आणि सायकलवाले येतात. बाजूला कुणी व्हायचे? (एक वाचक, शहापूर)

क्रम साधा आहे: जनावरे पहिली, डोक्यावर किंवा खांद्यावर ओझे असलेला माणूस दुसरा, मग रिकाम्या हातांनी चालणारा, आणि सर्वांत शेवटी चाकावरचा. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबावे, कारण चढावर पाय टेकला की पुन्हा सुरुवात करणे अवघड असते.

म्हशींचा कळप आला तर उभे कुठे राहायचे, याकडे नीट लक्ष द्या. एका बाजूला उतार असेल तर नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहा. दरीच्या कडेला उभे राहिलात आणि एखादी म्हैस बिचकून अंगावर आली, तर मागे सरायला जागा उरत नाही. सायकलवरून उतरा, सायकल स्वतःच्या आणि गुरांच्या मध्ये धरा, घंटी वाजवू नका. राखणारा म्हणेल तेव्हाच पुढे निघा.

वळणावर मात्र घंटी वाजवलीच पाहिजे, आणि ती अस्वलासाठी. खानापूरच्या जंगलात अस्वले आहेत. अस्वलाची नजर अधू असते आणि जवळून दचकले की ते अंगावर येते. चालणाऱ्यांच्या बोलण्याचा आवाज त्याला लांबून मिळतो. सायकल आवाज न करता, वेगाने येते, त्यामुळे धोका सायकलवाल्यालाच जास्त. ताजे उकरलेले वारूळ दिसले की वेग कमी करा, मोठ्याने बोलत राहा. सकाळी उजाडण्याआधी आणि दिवस कलल्यावर आत थांबूच नका.

गव्याचे वेगळे. त्याच्यासमोर आवाज करायचा नाही. तो शांत चरत असेल तर थांबून वाट द्या, दहा-पंधरा मिनिटे गेली तरी चालेल. तो आडवा उभा राहून अंग फुगवून दाखवू लागला किंवा फुसकारला, तर तो इशारा समजा आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरा. एकटा नर असेल तर जास्तच सावध राहा.

वाटेचेही पाहा. पावसाने भिजलेल्या लाल मातीवर मागचा ब्रेक दाबून चाक घसरवले की चर पडतो. पुढच्या सरीचे पाणी त्याच चरातून धावते आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. गावकऱ्यांना आजारी माणूस बाहेर काढायलाही हीच वाट आहे. म्हणून उतारावर दोन्ही ब्रेक हलके, सुटे सुटे दाबा. डबके आले तर कडेच्या गवतातून न जाता सरळ त्यातूनच जा, नाहीतर वाट दर वर्षी रुंद होत जाते. चाक बोटभर रुतू लागले की त्या दिवशी सायकल चालवू नये.

प्रश्न : जळू आणि गोचीड यांवर उपाय काय? माकडतापाची भीती वाटते. (एक वाचक, खानापूर)

जळू घाण वाटते, पण घातक नाही. ओढू नका. नखाने आधी तिचे बारीक तोंड बाजूला सारा, मग दुसरे टोक. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. धुऊन दाबून धरा.

गोचिडीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा क्यासनूर जंगलाचा रोग, 1957 साली शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. आपल्या शेजारच्या सत्तरी (गोवा) आणि दोडामार्ग (सिंधुदुर्ग) तालुक्यांतही त्याचे रुग्ण सापडले आहेत. तो पसरतो कोरड्या ऋतूत, साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका लोक फिरायला जातात तेव्हा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला कीटकरोधक तेल लावा, पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तिला चटका देऊ नका, रॉकेलही ओतू नका.

पुढच्या आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणे सुरू झाले, तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे आधी सांगा. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, या रोगात रक्तस्राव होऊ शकतो. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

प्रश्न : भीमगडच्या जंगलातल्या बारापेडीच्या गुहा पाहता येतील का? (एक वाचक, निपाणी)

आत जाऊ नका. तिथल्या रॉटनच्या वटवाघळाची शास्त्रीय नोंद 1913 ची आहे, आणि पुढे कित्येक दशके ही जात जगात फक्त याच गुहांतून माहीत होती. बॅटरीचा झोत, धूर किंवा गोंगाटाने बिथरलेल्या माद्यांची पिले खाली पडतात आणि मरतात.

प्रश्न : जूनमध्ये यावे का? (एक वाचक, चिकोडी)

कणकुंबी-आमगाव पट्टा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा आहे. ओढे उगमाकडच्या सरीने भरतात, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी. पाणी गुडघ्यापर्यंत आणि ओढीचे असेल तर उतरू नका, पाऊस थांबल्यावर ते ओसरण्याची वाट पाहा. पहिल्यांदाच येत असाल तर नोव्हेंबर ते जानेवारी बरे. मुले बरोबर असतील किंवा परवानगी मिळाली नसेल, तर येळ्ळूरचा राजहंसगड करा. वर गडापर्यंत गाडीरस्ता आहे आणि चढाचा सराव होतो. पाणी मात्र माणशी दोन लिटर घ्या.