कोकणातल्या साध्या कॉलेजातून परदेशी शिष्यवृत्ती मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, सीजीपीए साडेसातच्या आसपास, वडिलांचा मासळीचा छोटा धंदा. समुद्राशी संबंधित विषयात परदेशात मास्टर्स करायचंय. एक एजंट 'शिष्यवृत्तीसकट सगळं करून देतो' म्हणत लाखभर रुपये मागतोय. द्यावेत का, आणि आपल्यासारख्यांना खरंच मिळते का?

मिळते. आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या अलीकडे वाढलो, मुंबई विद्यापीठाचीच बी.एस्सी. केली आणि युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीवर युरोपात मास्टर्स करून परत आलो. आता आमच्या भागातल्या मुलामुलींचे अर्ज वाचून देतो. म्हणून खालचं सगळं फक्त माझ्या एकट्याच्या अनुभवावरचं नाही.

आधी दार नीट निवडा, कारण बरेच जण इथेच एक वर्ष घालवतात. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती सगळ्यांना माहीत असते, पण तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा लागतो. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक कोर्सनाही साधारण दोन वर्षं नोकरी झालेली हवी. या तिन्ही तुमच्यासाठी आज नाहीत, पुढे आहेत. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो तो इरास्मस मुंडसला. फी माफ, महिन्याला १,४०० युरो, आणि दोन वर्षांत किमान दोन देशांत शिक्षण. अर्ज थेट त्या त्या कोर्सच्या साइटवर करायचा आणि तो साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात उघडा असतो. मध्ये कोणी लागत नाही. माझा सागरी जैवसंपदेचा कोर्स बेल्जियमचं घेंट विद्यापीठ चालवतं. मत्स्यशेतीचेही वेगळे कोर्स आहेत. कोणत्या कोर्सला यंदा शिष्यवृत्त्या आहेत ते इरास्मसच्या अधिकृत यादीत पाहा, कारण ती यादी बदलत राहते.

दुसरं दार आपल्या राज्याचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी यांच्यासाठी त्या त्या खात्याच्या योजना आहेत, मराठा समाजासाठी सारथी या राज्याच्या संस्थेची आहे. आणि आपल्याकडच्या फार कमी जणांना ठाऊक असलेली एक म्हणजे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानची, कांदळवनं (खारफुटीची जंगलं) आणि सागरी जैवविविधता याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी. खाडीकाठच्या मुलांनी ती सोडावी हे मला फार लागतं. या योजनांत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, वय, उत्पन्न अशा अटी असतात आणि त्या वर्षागणिक बदलतात, तेव्हा चालू वर्षाची जाहिरातच वाचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलला पळालात तर उशीर झालेला असतो. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून आहे, पण तिचे पैसे मुख्यतः कर्जाऊ असतात, हे लक्षात घेऊन तिच्याकडे जा.

'आपल्यासारख्यांना' या शब्दाबद्दल थोडं बोलतो. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ते बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. म्हणजे पैसे देणारा तेव्हाही विचारत होता की शिकून पुढे काय करणार. आजही अर्जातला सगळ्यात जड प्रश्न तोच आहे.

म्हणून तुमचा वेळ ज्यावर जायला हवा ते म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, आपण ज्याला एसओपी म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ एसओपींची सुरुवात 'लहानपणापासून मला समुद्राची ओढ आहे' अशी असते. हे खोटं नसतं, पण निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. चिलीच्या मुलालाही ओढ असते, फिलिपिन्सच्या मुलीलाही. त्याऐवजी तुम्ही काय पाहिलंत, काय मोजलंत, आणि कुठे अडलात ते लिहा.

एका मुलीचा परिच्छेद तिच्या परवानगीने सांगतो. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, 'मला शाश्वत मत्स्यव्यवसायात योगदान द्यायचे आहे.' मी विचारलं, तू खाडीवर काय केलंस ते सांग. तेव्हा कळलं की तिची आजी ओहोटीला कालवं (खडकाला धरणारी शिंपली) काढायला जाते, आणि ही पोरगी प्रोजेक्टसाठी त्याच खडकांवर दर पंधरवड्याला पाण्याचा खारेपणा मोजत होती, कॉलेजच्या रिफ्रॅक्टोमीटरवर. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरलं की खारेपणा एकदम पडतो. कालवांची नवी पिल्लं नंतर कधी आणि कुठल्या खडकावर धरतात याची तिने वही केली होती. शेवटचा मसुदा असा झाला: आमच्या खाडीत मी हे मोजलं, पिल्लं वरच्या खडकांपेक्षा तोंडाकडच्या खडकांवर जास्त धरतात असं दिसलं, पण खारेपणामुळे की गाळामुळे हे माझ्या साधनांनी वेगळं करता आलं नाही. तुमच्या दुसऱ्या सत्रातला अमुक विषय आणि अमुक प्रयोगशाळा नेमकं तेच शिकवते. परत येऊन याच खाडीत बायकांच्या बचतगटाबरोबर कालवांची शेती उभी करायची आहे.

पाहा, यात एकही मोठा शब्द नाही. पण तिचं काम आणि त्यांचा कोर्स यांचा सांधा चुलीवर भांडं बसावं तसा बसलाय. हा सांधा जुळला की साडेसात सीजीपीए आड येत नाही. गुण बघतातच, पण बरेच कोर्स निवडीचे निकष साइटवर छापतात आणि त्यात गुणांबरोबर अनुभव, उद्देश आणि शिफारसपत्रं यांनाही वजन असतं. तुमचे वडील मासळीच्या धंद्यात आहेत. लिलावात कुठला मासा कोणत्या महिन्यात किती बारीक येतो, १ जूनला बंदी लागायच्या आधी जाळ्यात काय येतं, हे तुम्ही रोज ऐकता. आजपासून वही घाला. अर्जाच्या वेळेपर्यंत काही महिन्यांच्या नोंदी हातात असतील.

शिफारसपत्राबद्दल स्पष्टच सांगतो. आपल्याकडे सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' कृपया ते टाळा. विद्यार्थ्याने स्वतःवर लिहिलेलं पत्र वाचताना ओळखू येतं, सगळं 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' असतं. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना एक पानभर टिपण द्या: कोणता प्रोजेक्ट, त्यात मी काय केलं, तुम्ही मला काय दुरुस्त करायला लावलं होतं, कोर्स कोणता, शेवटची तारीख कोणती. म्हणावं, 'सर, यातलं तुम्हाला जे आठवतं आणि पटतं तेवढंच लिहा.' बहुतेक शिक्षक मग मनापासून लिहितात. आमच्या मॅडमनी माझ्या पत्रात लिहिलं होतं की हा मुलगा पहाटे बंदरावर जाऊन मासे मोजून मग लेक्चरला येतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला. आणखी एक, पत्र बहुतेक वेळा ऑनलाइन लिंकवरून जातं आणि शिक्षकांचा कॉलेजचा ईमेल मागतात. तो चालू आहे का, हे आधीच विचारून घ्या.

बाकीचं पटापट. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मुंबई विद्यापीठाकडून घ्यायची असते, वेळ लागतो; कलिन्याला जायची वेळ आली तर गणपतीच्या आसपास बेत करू नका, गाडीला पाय ठेवायला जागा नसते. 'गणपतीनंतर बघू' हे आपलं नेहमीचं, पण शिक्षकांशी बोलणं, पासपोर्ट आणि इंग्रजीची परीक्षा गणपतीच्या आधी मार्गी लावा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. काही कोर्स इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं कॉलेजचं पत्र चालवून घेतात, तिथे परीक्षेचे पैसे वाचतात.

मुलाखत असली तर ऑनलाइन असते. घरी रेंजचा भरवसा नसेल तर कॉलेजात एक खोली मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. मला विचारलं होतं, तुमच्या बंदरावर ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस (भोकाचा आकार) किती असतो, आणि नियमापेक्षा बारीक का वापरतात? बंदरावरच्या तांडेलांशी, म्हणजे बोटींच्या प्रमुखांशी, बोललेलं होतं, म्हणून सांगता आलं की डिझेलचा खर्च निघत नाही तेव्हा बारीक मासळीसुद्धा फिशमीलला (माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याला) विकावी लागते. उच्चार अडखळले तरी चालतात. अडखळत का होईना, पण आपल्या बंदराची खरी माहिती सांगा.

निकालात नाव 'रिझर्व्ह लिस्ट'मध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत, आलं तर निराश होऊन गप्प बसू नका. निवडलेल्यांपैकी काही जण दुसरा कोर्स घेतात आणि यादी वर सरकते. कोर्सच्या ऑफिसला लगेच कळवा की मला अजूनही यायचंय, आणि रोज ईमेल बघत राहा, कारण उत्तर द्यायला मुदत थोडी असते. त्याच काळात राज्याच्या योजनांच्या जाहिराती येऊ लागतात. तिथे बहुतेकदा अट नसलेलं ऑफर लेटर मागतात, म्हणून दुसऱ्या एक-दोन विद्यापीठांतही प्रवेशाचा अर्ज आधीच केलेला असू द्या. एसओपीचा पहिला मसुदा झाला की इथेच कळवा, मी वाचून देईन.