वाचकांचे प्रश्न : भिंतीवरचा खान्देशी हिवाळा

प्रश्न (चोपडा) : हिवाळ्यासाठी बैठकीच्या भिंतीवर काही करायचं आहे. बाजारात थर्माकोलचा बर्फ आणि प्लास्टिकची झाडं मिळतात, ती नकोत. आपल्याकडच्या वस्तूंतून काय करता येईल?

उत्तर : पहाटेचं धुकं, सातपुड्याची रांग, वेचणी झालेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि कोपऱ्यात शेकोटी. आपला हिवाळा असाच दिसतो, आणि सामानही बहुतेक शेतातच आहे.

12 × 18 इंचांचा, साडेपाच मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घ्या. मागे चारही कडांना 1 इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या लावा. त्यामुळे बोर्ड वाकत नाही आणि शेकोटीच्या दिव्यांच्या बॅटरीला जागा मिळते. पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंना प्रायमर द्या, वाळल्यावर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. आकाश वर गडद निळं आणि खाली येताना फिकट राखाडी-पिवळसर करा. दोन्ही रंग ओले असतानाच ओलसर स्पंजने मिसळायचे, नाहीतर मध्ये पट्टा दिसतो.

डोंगरांच्या तीन रांगा जाड कागद फाडून करा. कात्रीची सरळ कड डोंगरासारखी दिसत नाही. सर्वांत मागची रांग सर्वांत फिकी, पुढची सर्वांत गडद. धुक्यात लांबचं पुसट होतं, त्यामुळे हा क्रम उलटला की चित्रातली खोली जाते. खाली शेतासाठी गोणपाट, आणि बांधासाठी केळीचं वाळलेलं सोपट (खोडाचा सुटणारा पापुद्रा). सोपट वाळताना गुंडाळतं, म्हणून सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्रीने सपाट करून मगच चिकटवा. आत ओल राहिली तर पंधरवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात.

पऱ्हाटीच्या 10-12 इंचांच्या तीन-चार फांद्या, प्रत्येकीवर चार-पाच फुटलेली बोंडं. त्या नुसत्या हॉट ग्लूवर सोडू नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. ऊन लागणाऱ्या भिंतीवर हा गोंद मऊ पडतो आणि फांदी हळूहळू घसरते. प्रत्येक फांदीजवळ दीड मिमीची दोन भोकं पाडा, बारीक तार ओवून मागे पिळा. वरून फेव्हिकॉलचा थेंब पुरे.

धुक्याला मेडिकलमधला कापूस घेऊ नका, घरचा कच्चा कापूस घ्या. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाणी सहज शोषत नाही आणि फुललेला राहतो. मेडिकलच्या कापसाचं मेण काढलेलं असतं. तो गोंद पितो आणि पापडासारखा चपटा होतो. मागचा डोंगर आरपार दिसेल इतका कापूस ताणा आणि फक्त कडांना गोंद लावा.

शेकोटीसाठी बॅटरीवरची, तांब्याच्या तारेची पिवळी एलईडी माळ. 6 मिमीच्या भोकातून सात-आठ दिवे पुढे काढून त्यांवर चुरगाळलेला संत्री जिलेटीन कागद आणि काड्या लावा. कापूस क्षणात पेट घेतो. या फ्रेमजवळ पणती, उदबत्ती किंवा तापणारा बल्ब अजिबात नको.

प्रश्न (धुळे) : पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल आणि चॉक पावडरचा जाड थर देऊन शेत केलं. दोन दिवसांत पुठ्ठा वाकला, थराला भेगा गेल्या. काय चुकलं?

उत्तर : थराची जाडी आणि पुठ्ठा, दोन्ही. मिश्रणातलं पाणी उडालं की थर आकसतो. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला नंतर ओढतो, तिथे भेग पडते. एका बाजूने ओला झालेला पुठ्ठा त्याच ओढीने वाकतो. 6 चमचे पावडर, 3 चमचे फेव्हिकॉल, 2 चमचे पांढरा ऍक्रेलिक रंग, पाणी थेंबाथेंबाने. एका वेळी 2 मिमीपेक्षा जाड थर नको, दोन थरांत रात्रभराचं अंतर. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवायची घाई केली की भेगा हमखास.

प्रश्न (शहादा) : बोंडांची सजावट महिनाभर छान होती. आता खाली बारीक भुगा पडतो आणि एक गुलाबी अळी दिसली.

उत्तर : ती बहुधा गुलाबी बोंडअळी आहे. ती सरकीत दडून राहते; पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका असं सांगतात त्याचं हेही एक कारण. बोंडं काढून घट्ट पिशवीत बांधा आणि सहा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मग सरकी काढून टाका आणि कापूस पुन्हा टरफलात खोचा. ती सरकी अंगणात फेकू नका, जाळा. भुगा टाल्कम पावडरीइतका बारीक असेल आणि फांदीवर टाचणीएवढी छिद्रं असतील, तर लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. ती फांदी काढून नवी लावा. नवी निवडताना साल सुटलेली किंवा वाकवल्यावर लवणारी घेऊ नका. कडकन मोडते तीच पुरती वाळलेली.