तापाची चौकशी शिकवतो, हट्टाची कधी?

प्रश्न : मी बालरोग विभागात शिकवतो. आमचे निवासी डॉक्टर ताप, खोकला, जुलाब यांविषयी पालकांशी आत्मविश्वासाने बोलतात. परंतु मूल चावते, जमिनीवर आडवे पडून किंचाळते किंवा रात्री झोपतच नाही, असे कोणी सांगितले की ‘वयाबरोबर सुटेल’ म्हणून पुढच्या रुग्णाला बोलावतात. त्यांच्यासाठी दोन तासांचे व्याख्यान ठेवण्याचा विचार आहे. त्यात काय असावे?

उत्तर : व्याख्यान अवश्य ठेवा, पण केवळ त्यावर विसंबू नका. संसर्गजन्य आजार आटोक्यात येऊ लागले तसे वर्तन, शाळा आणि कुटुंब यांच्याशी निगडित प्रश्न बालरोगतज्ज्ञांसमोर वाढत गेले, हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट हॅगर्टी यांनी १९७५ मध्येच मांडले होते. तिथे निवासी प्रशिक्षणात विकास आणि वर्तन या विषयासाठी एक महिना सक्तीचा व्हायला मात्र १९९७ साल उजाडले. तेव्हा दोन तासांत हे काम उरकेल, अशी अपेक्षा ठेवणे विद्यार्थ्यांवर अन्यायाचे होईल.

‘वयाबरोबर सुटेल’ हे विधान पुष्कळदा खरे असते. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला हवे ते पुष्कळ असते आणि ते सांगायला शब्द थोडे असतात, त्यामुळे त्या वयातले आकांडतांडव बहुतांशी स्वाभाविकच असते. पण पूर्ण ऐकून घेण्याआधीच हे सांगितले, तर आपली तक्रार क्षुल्लक ठरली असे पालकांना वाटते आणि पुढच्या खेपेस ते ती काढतच नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना सल्ला द्यायला शिकवण्याआधी चौकशी करायला शिकवावे. ताप कधीपासून, किती, कशाने उतरतो, हे ते जितक्या सवयीने विचारतात, तितक्याच सवयीने त्यांनी विचारावे : काल हे घडले तेव्हा त्याच्या लगेच आधी काय चालले होते? मुलाने नेमके काय केले, किती वेळ? त्यानंतर घरातील प्रत्येकाने काय केले? ‘फार हट्टी आहे’ या तक्रारीतून उपाय सापडत नाही. कालच्या एका प्रसंगाच्या तपशिलातून बहुधा सापडतो.

एक उदाहरण घेऊ. अडीच वर्षांचे मूल जेवताना किंचाळते आणि फोन हातात दिला की शांत होते. ‘फोन देऊ नका’ एवढे सांगून डॉक्टर मोकळा होतो. आई घरी जाऊन तसे करते आणि किंचाळणे कमी होण्याऐवजी पहिले काही दिवस वाढते, कारण आजवर हमखास चालणारा मार्ग बंद झाल्यावर मूल तोच मार्ग अधिक जोर लावून वापरून पाहते. हे आधी सांगितलेले नसल्यामुळे सल्लाच चुकला असे समजून आई चौथ्या दिवशी फोन देते, आणि अधिक वेळ किंचाळले की फोन मिळतो, एवढे मूल शिकते. म्हणजे अर्धवट सल्ल्याने आधीपेक्षा बिघाडच झाला. हे वाढणे अपेक्षित आहे, त्या दिवसांत घरातील सर्वांनी एकसारखे वागायचे आहे आणि मूल शांतपणे जेवत असेल त्या क्षणी त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचे आहे, हे तिन्ही सांगितल्याशिवाय सल्ला पूर्ण होत नाही. शेवटी ‘घरी गेल्यावर काय कराल ते मला सांगा’ असे विचारावे. आपण किती स्पष्ट बोललो ते डॉक्टरला तिथेच कळते.

वर्तनाकडे पाहताना शरीर विसरू नये, ही आठवणही द्यावी. हाक मारल्यावर दुर्लक्ष करणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असू शकते. रडता रडता श्वास रोखून निळे पडणाऱ्या मुलात लोहाची कमतरता तपासावी लागते. आणि येत असलेले शब्द मूल गमावू लागले, तर कोणत्याही वयात वाट न पाहता पुढील तपासणीस पाठवावे.

मारण्याविषयी वर्गात उघड चर्चा घ्या. मुलांना शारीरिक शिक्षा देऊ नये, अशी भूमिका अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये स्पष्टपणे घेतली आहे. परंतु ‘मलाही मार बसला, म्हणून मी घडलो’ असे मनातून मानणारा तरुण डॉक्टर ही भूमिका पालकांसमोर अवघडून सांगतो, आणि ते अवघडलेपण त्यांना जाणवते.

बाकी सारे प्रत्यक्ष कामातूनच येते. आधी दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने पालकाची भूमिका करावी आणि दुसऱ्याने डॉक्टर म्हणून त्याच्याशी बोलावे. नंतर विद्यार्थी खऱ्या पालकांशी बोलत असताना तुम्ही पाच मिनिटे शेजारी बसावे आणि मागाहून एकच सुधारणा सुचवावी. दोन आठवड्यांनी त्याच डॉक्टरने त्याच कुटुंबाला पुन्हा भेटावे, याची व्यवस्था मात्र काही झाले तरी करा. आपल्या सल्ल्याचे काय झाले हे कधी न पाहिलेला डॉक्टर तोच सल्ला वर्षानुवर्षे देत राहतो.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे, अविवाहित आहे. सल्ला देऊ लागले की ‘तुम्हाला मुले आहेत का?’ असे पालक विचारतात आणि मी गप्प होते. काय उत्तर द्यावे?

उत्तर : खरे तेच सांगावे : ‘नाही. म्हणून तुमच्या घरी नेमके काय घडते, ते आधी तुमच्याकडून समजून घेते.’ या प्रश्नामागे बहुधा अपमानाचा हेतू नसतो. आपली दमछाक या व्यक्तीला कळेल का, एवढेच पालकांना जाणून घ्यायचे असते. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांना स्वतःचे मूल नव्हते, तरी बीबीसी रेडिओवरून ते मातांशी बोलत, आणि आपल्या बाळाला आई जितकी ओळखते तितके कोणी तज्ज्ञ ओळखत नाही, हा त्यांचा आग्रह असे. तोच आदर तुमच्या प्रश्नांतून दिसू द्या. पुढे तुम्हाला मूल झाले, तर उलट बाजूने सावध राहावे लागेल. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा स्वभावातील फरक अगदी तान्ह्या वयापासून दिसत होते. त्यामुळे तुमच्या शांत मुलाला लागू पडलेला उपाय समोरच्या चटकन बिथरणाऱ्या मुलाला लागू पडेलच असे नाही.