रक्तसाक्षी, हुतात्मा आणि ‘आणि सोबती’

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘आमच्या चर्चसाठी मी मराठीत सणसूची तयार करीत आहे. ६ फेब्रुवारीला जपानमध्ये मारल्या गेलेल्या २६ ख्रिस्ती संतांचे एकत्रित स्मरण असते. त्यांना हुतात्मे म्हणावे की रक्तसाक्षी? सगळ्यांची नावे देणे शक्य नसेल तर काय लिहावे? आणि त्या दिवसाला पुण्यतिथी म्हटलेले चालेल का?’

माझे मत निःसंशय ‘रक्तसाक्षी’ या शब्दाच्या बाजूने आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच होता. श्रद्धा सोडण्यास नकार देऊन ज्यांनी मरण पत्करले त्यांच्यासाठी तो पुढे रूढ झाला. अरबीतून आलेल्या ‘शहीद’ शब्दाच्या मुळाशीही साक्ष हाच अर्थ आहे. ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञातल्या आहुतीची कल्पना आहे, आणि स्वातंत्र्यलढा व संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यांमुळे तो मराठी मनात देशासाठी, भूमीसाठी प्राण देणाऱ्यांशी कायमचा जोडला गेला आहे. ख्रिस्ती संतांसाठी तो वापरणे चूक नाही, पण त्यातून साक्षीचा अर्थ निसटतो.

हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची गरज किती खरी आहे हे गोव्यातल्या कुंकळ्ळीत दिसते. पोर्तुगीज सैन्याने परिसरातली देवळे पाडल्यामुळे खवळलेल्या ग्रामस्थांनी, चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच येशूसंघीयांना (जेझुइट धर्मगुरू व बंधूंना) २५ जुलै १५८३ रोजी ठार केले. त्यांत रुदोल्फ आक्वाव्हिवा होते, जे त्याआधी अकबराच्या दरबारात राहून आले होते. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारले. आज त्याच गावात या गावकऱ्यांचे स्मारक आहे आणि त्यांना हुतात्मे म्हणतात. चर्च ज्यांचे स्मरण करते ते पाच जण रक्तसाक्षी. दोघांसाठी एकच शब्द वापरला तर वाक्य कोणाविषयी आहे हेच कळणार नाही, आणि दोन्ही बाजूंच्या स्मृतीवर अन्याय होईल. सूची करताना आणखी एक दक्षता घ्यावी : या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य घोषित करण्यात आले असले तरी संतपद अद्याप मिळालेले नाही, म्हणून त्यांच्या नावामागे ‘संत’ न लिहिता ‘धन्य’ लिहावे.

आता ६ फेब्रुवारीची नोंद. कॅथलिक चर्चच्या रोमन पंचांगात ती ‘पॉल मिकी आणि सोबती’ अशा अर्थाची आहे. त्या २६ जणांत आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आहेत. व्यापारासाठी ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, नंतर मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले, आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला या सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ मध्ये सगळ्यांना संतपद मिळाले. म्हणून ‘संत’ हे पद इथे सोबत्यांनाही लागू आहे. कोकणातल्या सूचीत ‘संत पॉल मिकी, संत गोन्सालो गार्सिया आणि सोबती, रक्तसाक्षी’ अशी नोंद मला सर्वांत योग्य वाटते, कारण आपल्या किनाऱ्यावरचा माणूस ‘आणि सोबती’मध्ये हरवून जाऊ नये.

‘सोबती’ हाच शब्द का? ‘साथीदार’ पोलिसी बातम्यांनी बिघडवला आहे, ‘सहकारी’ला कार्यालयाचा वास येतो. शेवटपर्यंत बरोबर चाललेला माणूस ‘सोबती’तच दिसतो. मात्र दोन संतांचा मान सारखा असेल तिथे तो वापरू नये. २९ जूनला गोव्यात होड्या एकमेकींना बांधून सांगोड साजरा होतो. तो सण ‘संत पेत्र आणि संत पौल’ या दोघांचा आहे, पेत्र आणि त्यांच्या सोबत्याचा नव्हे.

‘पुण्यतिथी’ मात्र टाळावी. मृत्यूचा दिवस स्वर्गातल्या जन्माचा मानून संतांचे स्मरण शक्यतो त्याच दिवशी ठेवण्याची परंपरा आहे, त्यामुळे कल्पना जवळची आहे खरी. पण दिवस नेहमी जुळतोच असे नाही. नागासाकीची घटना ५ तारखेची असली तरी तो दिवस आधीपासून संत आगाथा यांचा असल्यामुळे या २६ जणांचे स्मरण ६ तारखेला येते. ‘स्मरणदिन’ लिहावे, चर्चचे पालकसंत असतील आणि मिरवणूक निघत असेल तर ‘सण’ किंवा आपल्या बाजूला सर्वांच्या तोंडी असलेला ‘फेस्त’.

लिहिताना एक चूक होऊ शकते ती सांगतो. ‘त्यांनी रक्तसाक्षी दिली’ असे लिहू नये. रक्तसाक्षी म्हणजे साक्ष देणारी व्यक्ती. म्हणून ‘ते रक्तसाक्षी झाले’. अनेकवचनातही शब्द तसाच राहतो : एक रक्तसाक्षी, सव्वीस रक्तसाक्षी.