जुना मिनी ट्रॅक्टर नांगराला घसरतो, काय करावं?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: "द्राक्षबागेत फवारणीला वापरलेला १५ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतला, टू व्हील ड्राइव्ह आहे. एकफाळी पलटी नांगर जोडला की काळ्या रानात मागची चाकं जागेवरच फिरतात. इंजिन मात्र दबत नाही. नांगरावर दगड बांधून पाहिले, तर नांगर उचलताना पुढचं तोंड वर येतं. हा विकून मोठा घ्यावा का?" सिंधुदुर्गातून असाच एक प्रश्न आहे: चिखलणीची लोखंडी केज व्हील लावून कोरडी नांगरट करता येईल का?

निफाडच्या बंधूंनी ट्रॅक्टर विकायची घाई करू नये. इंजिन दबत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. म्हणजे ताकद पुरेशी आहे, ती जमिनीपर्यंत पोचत नाही. हिशोब करून पाहू. नांगर २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल चालला, तर ३०० चौरस सेंटिमीटर माती कापली जाते. वाफशावरच्या, म्हणजे नांगरटीला योग्य ओल असलेल्या काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा ते पाऊण किलो ओढ धरली, तर एकूण ओढ १५० ते २२५ किलो होते. ताशी ३ किलोमीटर वेगाने एवढं ओढायला जेमतेम दोन-अडीच एचपी लागतात. आता ट्रॅक्टरची बाजू बघा. ७५० किलोच्या ट्रॅक्टरचा मागच्या चाकांवर येणारा भार अंदाजे ४५० किलो. शेतातल्या मातीत चाक आपल्यावरच्या भाराच्या ४० ते ४५ टक्केच ओढू शकतं, म्हणजे १८० ते २०० किलो. गाडी नेमकी इथे अडते.

म्हणून आधी ओढ कमी करा, वजनाचं नंतर बघू. फाळाचं टोक झिजून बोथट झालं असेल तर नांगर मातीत शिरत नाही आणि ओढ मात्र वाढते. टोक बदला किंवा लोहाराकडून त्याला धार काढून आणा. पहिलं तास (नांगराची चर) १० सेंटिमीटरवर घ्या, पुढच्या पाळीला १५ वर जा. वेळही महत्त्वाची आहे. गहू-हरभरा निघाल्यावर जमिनीत ओल असतानाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये नांगरट उरका. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानात हा ट्रॅक्टर घालू नये, तिथे वरचा हिशोब लागूच होत नाही. ओल बघायला नांगराच्या खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर थांबा. खोल नांगरट दर वर्षी लागत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा भाड्याने मोठा ट्रॅक्टर लावणं केव्हाही स्वस्त पडतं.

आता पकड. मागच्या टायरच्या उंच रबरी पट्ट्या झिजल्या असतील तर बाकी सगळं करूनही फारसा उपयोग होणार नाही, खर्च आधी टायरवर करा. टायर बसवताना बाजूवरचा बाण पुढच्या दिशेने असावा. जुन्या गाड्यांत उलटे बसवलेले टायर खूपदा दिसतात. रस्त्यावर चालवायला भरलेली कडक हवा शेतात तशीच ठेवू नका. मागच्या टायरला १२ ते १४ पीएसआय ठेवली की टायर जास्त जागा धरतो. त्याहून कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

वजन वाढवायचं ते चाकातच. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणा आणि त्या पातळीपर्यंत पाणी भरा, साधारण पाऊण टायर भरतो. वरच्या उरलेल्या जागेत हवा भरून दाब तपासा. ट्रॅक्टरची कामं करणारा पंक्चरवाला हे करून देतो. दोन्ही चाकांत ६०-६० लिटर बसलं तर १२० किलो वाढले, म्हणजे ओढायची ताकद ५० किलोच्या आसपास वाढली. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्याने रिम गंजतो. निफाडात पारा कितीही उतरला तरी टायरभर पाणी गोठेल इतका गारठा टिकत नाही, साधं पाणी पुरे. पाण्याऐवजी चाकाला बोल्टने बसणारी बिडाची वजनंही चालतात.

नांगरावर दगड बांधू नका, माणूस तर कधीच बसवू नका. हात जोडून सांगतो, धक्क्याने पडलेला माणूस थेट फाळाखाली जातो. मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. पुढचं तोंड उचलत असेल तर पुढच्या बंपरवर वजन लावा. रुतलेली गाडी काढताना किंवा काही ओढताना साखळी मागच्या अॅक्सलला किंवा त्याच्या वर बांधू नका, ड्रॉबारलाच (मागच्या बाजूच्या खालच्या ओढदांड्यालाच) बांधा. वरून ओढ बसली तर ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

एक चाक तासात चालतं तेव्हा गाडी त्या बाजूला कलते, आणि वरच्या बाजूचं हलकं चाक आधी फिरायला लागतं. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा खटका) असेल तर तो तिथे दाबा, पण सरळ तासातच. वळायच्या आधी सोडा. नांगराला खोलीचं चाक असेल तर ते थोडं वर घ्या. नांगराचा काही भार ट्रॅक्टरवर आला की मागची चाकं जास्त दाबली जातात.

फरक पडला की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, मोजा. टायरवर खडूने खूण करा. त्याच रानात नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चाला, अंतर मोजा. मग नांगर लावून पुन्हा दहा फेरे. पहिलं अंतर ३० मीटर आणि दुसरं साडेपंचवीस आलं, तर घसर १५ टक्के. १० ते १५ टक्के घसर योग्य आहे. २० च्या वर गेली तर डिझेल आणि टायर फुकट झिजतात. ती अगदी शून्यावर आणायच्या नादात वजन वाढवत गेलात, तर जुन्या गाडीच्या क्लच आणि गिअरवर त्याचा जादा ताण येईल. शिवाय ओल्या रानात माती दबते ती वेगळीच. नांगरट संपली की पाणी काढून टाका, फवारणीला ते वजन नको.

सिंधुदुर्गच्या बंधूंना: केज व्हील भातखाचरातल्या चिखलासाठी आहेत. कोरड्या कडक जमिनीत ती आत शिरत नाहीत, नुसते हादरे बसतात आणि त्याचा ताण अॅक्सलवर येतो. कोरड्या नांगरटीला रबरी टायर आणि त्यात पाणी हेच ठेवा. केज व्हील लावून डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर आणू नका, ती खाचराच्या बांधावर नेऊन तिथेच चढवा.